बारावं वाक्य

जिन्यात एक बूट. नाडी घट्ट बांधलेली.

बरणीत चाळलेली धूळ. लोकांच्या गालिच्यावर ओतायची, मग व्हॅक्युम क्लीनरने ओढून दाखवायची.

बायको रोज सकाळी नवऱ्याचा हात बाहीत घालते. त्याचा उजवा खांदा वर होत नाही.

करार, कलम तिसरं : विक्रेता स्वतंत्र व्यावसायिक आहे, कोणाचाही नोकर नाही.

“म्हणजे मेला तोही स्वतंत्रपणे,” गुप्तहेर बाईंनी करार मिटला.

समोर विक्रेत्याची बायको बसली होती. गुरुवारी तिचा नवरा एका इमारतीच्या जिन्यात मेलेला सापडला होता. जवळ मशीन नव्हतं. कंपनी म्हणत होती, मशीन त्याने आधीच परत केलं. नंतर जिन्यात कशाला कडमडला, ते तोच जाणे.

“ते नोकर ठरले तर भरपाई,” ती म्हणाली. “नाहीतर दोन मुलींना घेऊन घर सोडायचं.”

बाईंचे धाकटे दीर सगळं टिपून घेत होते. “सोपं आहे, वहिनी. काहीतरी विसरला, परत वर गेला.”

“भावोजी, तुम्ही लिहा. विचार मी करते.”

इमारतीच्या पहारेकऱ्याने कंपनीचा निळा टाय पाहिला होता. “खांद्यावर मशीनची पेटी. दहाला वर, अकराला खाली.”

“खाली येताना कोणता खांदा?”

त्याने आपला उजवा खांदा थोपटला. “हा. पेटीआड तोंड दिसलं नाही.”

“आणखी कोणी आलं?”

“बिनपेटीचे मी बघत नाही. तसा हुकूम आहे.”

चौथ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. “पोपटासारखा बोलत होता. मधेच अडला. घामाघूम! सारखा दाराकडे बघायचा. म्हटलं, राहू दे रे बाबा, पाणी पी.”

“पडल्याचा आवाज?”

“माझी शिलाई चालू होती.”

कंपनीच्या मॅनेजरने आपला निळा टाय सारखा केला. “तो आपल्या मर्जीचा मालक. कधी उठतो, कुठे जातो, आम्ही विचारत नाही. गुरुवारी मशीन आणून टाकलं आणि एक शब्द न बोलता गेला.”

“विक्रेता कसा होता?”

“सुमार. चाळीस वाक्यं पाठ करायला दिली, तर बारावं हटकून गाळायचा. त्या शिंपिणीपुढेही तेच.”

भावोजींनी तेही टिपलं. नुसतंच टिपलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विक्रेत्याच्या बायकोला मॅनेजरसमोर आणून बसवलं.

“एक शब्द न बोलता गेला,” बाई म्हणाल्या. “मग शिंपिणीपुढे तो अडला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही दाराबाहेर उभे होतात. वाक्यं ओळीने म्हणतो का, ते ऐकत. म्हणून तो दाराकडे बघत होता. मर्जीच्या मालकावर असा पहारा ठेवतात?”

मॅनेजर टायची गाठ आवळू लागला.

“उजव्या खांद्यावर पेटी तो घेऊच शकत नव्हता. ती खाली नेली तुम्ही. कामाचं मशीन प्रेताशेजारी सापडायला नको होतं.”

“पण वहिनी,” भावोजी म्हणाले, “यांनी आधी डॉक्टर का नाही बोलावला?”

“डॉक्टर विचारतो, तुम्ही याचे कोण? काय सांगणार? साहेब? मग तो नोकर ठरतो.”

मॅनेजरने टाय सैल केला. “तसाही वाचला नसता. दोनदा ‘साहेब’ म्हणाला, मग थांबला.”

भावोजींचं पेन थांबलं. बाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि ‘साहेब’ हा शब्द स्वतः लिहिला. “झालं. तुमचा नवरा नोकर होता. घर राहील.”

बायको मॅनेजरकडे बघत होती. “तुम्ही त्यांना ओलांडून गेलात?”

“जिना अरुंद आहे,” तो म्हणाला.

बारावं वाक्य असं होतं : एका हाकेवर आमचा माणूस धावून येईल.