मिटलेल्या तोंडाची कुपी

मामांची नजर मंदावत चालली, तशी त्यांनी भाचीला काच पारखायला शिकवायला घेतलं. ती इस्पितळात नर्स. सुट्टी मिळाली की मामांच्या काचवस्तूंच्या कपाटापुढे बसायची. साच्यातल्या काचेला शिवण असते. हाताने फुंकलेली असेल तर तळाला धरायची सळई तोडून काढल्याचा खरखरीत व्रण बोटाला लागतो. ती चुकली की मामा म्हणायचे, पेशंट बरे कळतात तुला, काच कधी कळणार?

त्या दुपारी दोघं एका काच फुंकणाऱ्या कारागिराच्या घरी गेली. कारागीर नुकताच वारला होता, बायको घर आवरत होती. त्याच्या हातची एखादी तरी वस्तू आपल्याकडे असावी, हा मामांचा जुना ध्यास. पण आज निवड भाचीची, असं त्यांनी वाटेतच बजावलं होतं.

बाईंनी फडक्यातली कुपी सोडवून मामांच्या तळहातावर ठेवली. फिकट हिरवी, ओंजळीत मावेल एवढी. तिला तोंडच नव्हतं. मान निमुळती होत वितळून मिटली होती. अंथरुणाला खिळण्याआधी यांनी फुंकलेली ही शेवटची, एवढंच बाई म्हणाल्या.

भाचीने वाकून पाहिलं. तळाला व्रण होता, शिवण कुठेच नव्हती, रंग सगळीकडे सारखा भिनलेला. इतकं नितळ काम तिने पाहिलं नव्हतं. हो म्हणायला ती तोंड उघडणार, तोच कुपी आतून धुरकटली.

मामांच्या हाताची ऊब असेल. धुकं विरलं. पुन्हा आलं. विरलं... वॉर्डात ऑक्सिजनच्या मास्कवर हे तिने कितीदा पाहिलं होतं. शेवटच्या घटकेला अशीच मधली अंतरं वाढत जातात. मामांना यातलं काहीच दिसत नव्हतं. ते मान कलती करून स्वस्थ बसले होते. बाई मात्र कुपीकडे नाही, हिच्याकडे बघत होत्या.

"दिसलं ना... तुम्हाला?" बाईंनी हळूच विचारलं.

"मामा, ठेव ती खाली. काम कच्चं आहे. नको आपल्याला."

मामांनी वाद घातला नाही. कुपी ठेवली, काठी घेतली आणि निघाले. कोपऱ्यावर वळल्यावर म्हणाले, "काम कच्चं नव्हतं. पण नको म्हणालीस ते बरं केलंस."

"का?"

मामा तळहात विजारीला चोळत राहिले.

"काचेच्या आतून, माझ्या तळव्याला लागून बोटं फिरत होती गं. बंद गाडीची काच पुसतो ना आपण, बाहेरचं दिसावं म्हणून... तशी. पुसायची, थांबायची... परत पुसायची."