अक्कम्माचा आवाज

हे माझ्या सख्ख्या भावासोबत घडलंय.

तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. त्या दिवशी मंगल कार्यालयात जी माणसं होती, त्यांना जाऊन विचारा. कुणी काही सांगणार नाही. पण असं झालंच नाही, असंही कुणी म्हणणार नाही.

सोलापूर. अक्कलकोट रोडवरचं एक कार्यालय. मागच्या वर्षीचा मे महिना, हळदीचा दिवस... आणि वेळ भर दुपारची. लोक म्हणतात असल्या गोष्टी अंधारात घडतात. आमच्या वेळी ऊन इतकं होतं, की अंगणातल्या फरशीवर पाय टेकवत नव्हता.

नावं मी बदललेली नाहीत. अव्वा, म्हणजे आमची आई पार्वतम्मा म्हणाली, "बदलू नको. त्या बाईचं नाव लपवायचं पाप आणि वर नको."

माझा मोठा भाऊ प्रभुलिंग. सगळे त्याला डीजे प्रभू म्हणायचे.

तयार मिक्स लावून द्यायचं आणि हात वर करून नाचायचं, असले डीजे आमच्याकडं ढिगानं आहेत. प्रभू तसला नव्हता. एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. पुढचं गाणं हेडफोनमध्ये आधी ऐकायचा आणि चालू गाण्याच्या ठेक्याला ते असं जुळवायचा, की एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं, नाचणाऱ्याला कळायचं नाही. लॅपटॉपवर ठेका आपोआप जुळवायची सोय असते. तो ती बंद ठेवायचा. म्हणायचा, "कान कशाला दिलेत मग देवानं?"

त्याला आवाज गोळा करायचा नाद होता.

यंत्रमागांची खटखट. कुकरची शिट्टी. बसच्या दाराची करकर. सगळं मोबाईलवर पकडायचा, कापायचा आणि कंट्रोलरच्या, म्हणजे गाणी मिसळायच्या यंत्राच्या पॅडवर ठेवायचा. पॅड म्हणजे त्याच्या फिरत्या चकत्यांखाली असतात ती रबरी बटणं. एकेका पॅडवर एकेक आवाज. बोट मारलं की वाजतो. मागांच्या खटखटीवर त्यानं एक मिक्स केलं होतं, ते गावभर गाजलं होतं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

त्या फेब्रुवारीत सोलापुरातल्याच शेळगीत एक वरात होती.

मी तिथं नव्हते. महेश्वरनं मला सांगितलं. महेश्वर म्हणजे प्रभूचा जोडीदार. पिकअप, जनरेटर, बॉक्स सगळं तो बघायचा.

संध्याकाळची वेळ. अरुंद गल्ली. पिकअपवर बेसचे बॉक्स रचलेले. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. पोरं पेटली होती, गाडी पुढं सरकू देत नव्हती.

तेवढ्यात एका घरातून म्हातारी बाई बाहेर आली. कपाळावर विभूती, डोक्यावर पदर. तिचं नाव अक्कम्मा.

गर्दीतून वाट काढत ती गाडीपाशी आली आणि तिनं हात जोडले.

प्रभूनं खाली वाकून माईक तिच्या तोंडापुढं धरला. त्याला वाटलं, आजीबाई नवरदेवाला आशीर्वाद देणार.

ती कन्नडमध्ये ओरडली, "साकप्पा, साकु! ओळग मनशा सायाकत्तान!"

पुरे रे बाबा, पुरे. आत माणूस मरायला लागलाय.

आत तिचा नवरा संगप्पा होता. नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेला.

प्रभूला कन्नड येतं. आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडच आहे. त्याला कळलं होतं... पण त्या क्षणी त्याला फक्त ठेका ऐकू आला.

साकप्पा, साकु. साकप्पा, साकु.

ते बोल ठेक्यात इतके चपखल बसत होते, की त्यानं तिथल्या तिथं रेकॉर्ड केलेला तुकडा कापला, पॅडवर टाकला आणि बेसवर वाजवला.

गल्ली वेडी झाली. पोरं तिच्याभोवती गोल करून नाचली. महेश्वरनं व्हिडिओ काढला.

ती मध्ये उभी होती. हात तसेच जोडलेले. तिचाच आवाज तिच्या अंगावर आदळत होता.

मग ती वळली आणि आत गेली.

गाडी त्या घरापुढं आणखी बराच वेळ थांबली होती.

संगप्पा त्याच संध्याकाळी गेला.

प्रभूला हे नंतर कळलं. तोवर मिक्स सगळीकडं गेलं होतं. हळद, वाढदिवस, मिरवणूक, जिथं जाल तिथं 'साकप्पा, साकु'. कन्नड न कळणारेही नाचत होते. संगप्पाला माती देऊन माणसं अजून घरात बसलेली होती, तेव्हा शेजारच्या गल्लीतून दुसऱ्याच कुणाची गाडी तिचा आवाज वाजवत गेली म्हणे.

मग एके दिवशी ती आमच्या दारात आली.

दार मी उघडलं. अव्वानं पाणी दिलं. तिनं तांब्याला हात लावला नाही.

"पोरगा कुटं हाय?"

प्रभू जिन्यावरून खाली आला. तिला ओळखून त्याचा चेहरा उतरला.

"माझा आवाज परत दे," ती म्हणाली.

"आज्जी, चुकलं माझं. पण ते आता सगळ्यांच्या मोबाईलवर गेलंय की. मी कुटनं परत आणू?"

"येत न्हाय परत?"

"न्हाय आज्जी."

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळ्यात पाणी नव्हतं. राग पण दिसत नव्हता. त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

"मग ठेव तुझ्याकडंच," ती शांतपणे म्हणाली. "ह्यापुढं दुसऱ्या कुणाचा ऐकू नको."

त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही असं तिच्या गल्लीतले सांगतात. एक शब्द नाही. जेवण सोडलं. उन्हाळा लागता लागता तीही गेली.

ती गेल्याचं कळलं, त्या दिवशी प्रभूनं लॅपटॉपमधून तिचा आवाज काढून टाकला. मी शेजारीच बसले होते. पॅड मोकळा झाला. मोकळ्या पॅडचा दिवा विझतो.

तो विझला नाही...

प्रभूनं वायर काढली. कंट्रोलर बंद झाला. सगळे दिवे गेले.

तो एक सोडून.

मी म्हटलं, "बिघडला असेल रे."

पुढं गाण्यांमधलं काहीतरी हरवायला लागलं. एका दुपारी त्यानं हेडफोन माझ्याकडं दिला. "सिद्धी, ह्यात बाई गातीय का?"

"गातीय की. का?"

"मला नुसती वाद्यं ऐकू येलालेत."

दुसरं गाणं लावलं. तिसरं लावलं. त्याला एकाही गाण्यात माणसाचा आवाज येत नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले. कानाला काही झालेलं नाही म्हणाले.

मग माणसंही कमी कमी ऐकू यायला लागली. आधी रस्त्यावरची. मग गिऱ्हाइकं. महेश्वर बोलायचा आणि प्रभू त्याच्या ओठांकडं बघत राहायचा.

"आणि त्या जागी काय ऐकू येतं?" मी विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. माझा प्रश्न त्याला ऐकूच आला नसेल... असं मी स्वतःला सांगितलं.

अशात चुलतभावाचं, अभिमन्यूचं लग्न आलं. प्रभू वाजवायला तयार नव्हता. पण घरचंच लग्न. काका म्हणाले, "घरात डीजे असताना बाहेरचा आणू व्हय?" शेवटी तो उभा राहिला.

हळद दुपारी होती. वीज गेलेली, म्हणून सगळं जनरेटरवर चाललं होतं. बायका पिवळ्या साड्यांत, अभिमन्यू पाटावर, अंगभर हळद. प्रभूनं पहिलं गाणं लावलं. सगळे नाचायला उठले. त्याचे हात अजून तसेच होते. नजर लागावी असे. मला वाटलं, होईल सगळं ठीक.

मग गाण्यातली गायिका थांबली.

ह्या वेळी मलाही ते जाणवलं. सगळ्यांनाच जाणवलं. ठेका चालू होता, गळा नव्हता.

मग ढोल गेला. मग ताशा.

बॉक्समधून नुसती घरघर यायला लागली. झोपलेल्या आजारी माणसाच्या छातीतून येते तशी...

"महेश्वर, बंद कर!" प्रभू ओरडला.

महेश्वर जनरेटरकडं पळाला. जनरेटर बंद झाला. पंखे थांबले. बॅटरी असूनही प्रभूचा लॅपटॉप काळा पडला.

घरघर चालूच राहिली.

महेश्वरनं बॉक्सची मुख्य वायर उपटली आणि हातात धरून तसाच उभा राहिला. बॉक्सला काहीही जोडलेलं नव्हतं. तरी बॉक्सवरची जाळी थरथरत होती. त्याच्यापुढं सांडलेली हळद जमिनीवर उडत होती.

आणि मग ती बोलली.

"साकप्पा... साकु."

हळू. अगदी थकलेल्या बाईसारखं. ठेक्यात अजिबात नाही.

मी प्रभूला हाक मारली. तोंड उघडलं, गळा ताणला... आवाज निघाला नाही.

मी बाजूला बघितलं. काकूंचं तोंड उघडं होतं. पाटावर अभिमन्यू ओरडत होता. लहान पोरं रडत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. अख्ख्या कार्यालयात एक आवाज नव्हता. फक्त तिचा.

मग तिनं असं काही म्हटलं, जे त्या वरातीत कधी रेकॉर्डच झालं नव्हतं.

"ओळग बा."

आत ये.

प्रभूनं हेडफोन काढून ठेवला. चेहऱ्यावर भीती नव्हती. आई हाक मारते तेव्हा लेकरू जातं, तसा तो चालत गेला. सगळ्यात मोठ्या बॉक्सपुढं गुडघे टेकले आणि त्याच्या काळ्या तोंडाला कान लावला.

मी धावले. महेश्वर धावला. आम्ही त्याला ओढत होतो. तो हलत नव्हता.

बराच वेळ तो ऐकत राहिला. मान हलवत होता... कुणी काही सांगावं आणि आपण हो हो म्हणावं तशी.

मग सगळ्यांचे आवाज एकदम परत आले. इतकी किंकाळी उठली की रस्त्यावरची माणसं आत आली.

प्रभू माझ्या अंगावर कोसळला.

तो जिवंत आहे. तेवढं बरं म्हणायचं.

शुद्धीवर आला तेव्हा अव्वा त्याच्या उशाशी होती. "प्रभू, बाळा," ती म्हणाली. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हमसून रडायला लागला. त्याला अव्वाचा आवाज येत नव्हता. अजून येत नाही. कुणाचाच येत नाही. तपासण्या सगळ्या झाल्या. सगळं नीट आहे म्हणतात.

अव्वा त्याला घेऊन शेळगीला अक्कम्माच्या घरी गेली. घराला कुलूप होतं. तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं, पदर पसरला, कन्नडमध्ये माफी मागितली. प्रभू पायरीवर बसून होता. अव्वा उठल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "अक्कम्मा म्हणते, तिला हे पटत नाही."

ते मिक्स काढायला मी कितीतरी जणांच्या पाया पडले. काही जणांनी काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं वर येतं.

आता मी प्रभूशी पाटीवर लिहून बोलते. गेल्या आठवड्यात मी लिहिलं, 'ती अजून तेच म्हणते का?'

"नाही," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाजही येत नाही, त्यामुळं फार हळू बोलतो. "आता दिवसभर बोलते. आणि सारखं एकच विचारते."

'काय?'

"शेळगीत त्या दिवशी नाचायला कोण कोण होतं."

माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

"मी सांगत नव्हतो, सिद्धी. पण ती झोपू देत नाही. मग परवा एक नाव सांगितलं. म्हटलं, तेवढ्यावर तरी गप्प बसेल."

कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

काल सकाळी मला महेश्वरचा फोन आला.

"हॅलो? सिद्धी? बोल की."

"बोललाले की. ऐकू येईना का?"

"हॅलो? आवाज येईना तुझा... काय हे, सकाळपासनं कुणाचाच..."

मी ओरडले. पुन्हा पुन्हा ओरडले. तो हॅलो हॅलो करत राहिला. मग त्याचा आवाज रडवेला झाला आणि फोन कट झाला.

मी प्रभूला सांगायला जिना चढले. त्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत तो एकटाच होता, आणि हळू आवाजात कुणालातरी विनवत होता.

"नाही... ती नव्हती तिथं. खरंच सांगतो. सिद्धी नव्हती. ती घरीच होती."

मग पुन्हा तेच. ह्या वेळी रडत.

मी आत गेले नाही. तशीच खाली आले.

तेव्हापासून अव्वाला सारखं बोलायला लावतेय. काहीही बोल म्हणते, फक्त थांबू नको.