किरकिऱ्याच्या उघड्या तक्रारी

माझा धाकटा भाऊ इतकी किरकिर करायचा, की तक्रारी नोंदवायचं त्याचं खातंच मी 'किरकिऱ्या' या नावानं उघडून दिलं होतं. त्याला दिसत नसे. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आम्ही दोघांनी उभा केला होता. फुकट, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा असा. कोड मी लिहायची, चुका तो काढायचा. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून आमची टेबलं. स्वल्पविरामाला प्रोग्रॅम जरा जास्त थांबला, की मागे त्याची चाकांची खुर्ची करकरायची आणि महाशय प्रोग्रॅमच्या साइटवर रीतसर तक्रार नोंदवायचे. हाताच्या अंतरावर बहीण बसली आहे, तिला सांगायचं सोडून!

"नोंदवलं नाही तर तू विसरतेस, ताई."

नियमही त्याचाच. दुरुस्ती करणाऱ्यानं तक्रार बंद करायची नाही. ज्यानं ती केली त्यानं स्वतः ऐकून पाहायचं, 'आता बरोबर' असं लिहायचं, मग बंद करायची.

गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. त्याच्या राहिलेल्या तक्रारी मी एकेक करून दुरुस्त केल्या. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? पण बंद करायला तो नव्हता. साइटवर आकडेवारीच्या पानावर ज्यांच्या तक्रारी उघड्या आहेत त्यांची नावं दिसतात, त्यात त्याचं नाव तसंच राहिलं. मी रोज उठून आधी ते बघायची. घरात दुसरं कुणी नव्हतं.

ते पान फक्त खातं असलेल्यांनाच दिसायचं. प्रोग्रॅमच्या भाषांतराचं काम बघणारी बाई लांबच्या शहरातून फोन करून मागे लागली. "अहो, सगळ्यांना बघू दे की. काय चाललंय ते दिसलं तर नवी माणसं येतील."

"आणि किरकिऱ्याचं नाव?"

"राहू दे. आपण कशाला काढायचं?"

मी पान सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच आठवड्यात त्याची एक तक्रार बंद झाली. खाली दोनच शब्द होते: आता बरोबर.

मी त्या बाईवर उखडले.

"आईशपथ, मी हात लावलेला नाही! दुसऱ्याची तक्रार तुमच्याशिवाय कुणाला बंद करता येते का?"

खरं होतं. त्याचं खातंसुद्धा मीच बंद केलं होतं. तरी आणखी एक बंद झाली, मग आणखी एक. एक दुरुस्ती मी घाईत उरकली होती. तिच्याखाली आलं: नाही, अजून अडखळतोय.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्या कामाला नावं ठेवत होतं. मी हौसेनं ती दुरुस्ती पुन्हा केली, आणि तीही तक्रार बंद झाली.

मग लक्षात आलं, आता स्वल्पविरामाची तेवढी उरली आहे. ती गेली की त्याचं नाव पानावरून जाणार.

जन्मात केलं नव्हतं ते मी केलं. केलेली दुरुस्ती काढली आणि जुनी चूक मुद्दाम परत घातली. भर दुपार होती. खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं. मी पान पुन्हा उघडलं.

तक्रार बंद झालेली होती. खाली लिहिलं होतं: असू दे, ताई.

नाव मात्र होतं, कारण एक नवी तक्रार आली होती. नेहमीच्या तीन ओळींत.

काय करत होतो: ताईच्या मागे बसलो होतो.

काय व्हायला हवं होतं: तिनं वळून बघायला हवं होतं.

काय झालं: ती बघत नाही.

मागे खुर्ची करकरली.

मी वळले नाही. वळले, तर तो 'आता बरोबर' लिहील आणि जाईल.

तक्रारीखाली मी आमचं ठरलेलं उत्तर टाकलं: काम चालू आहे, थोडा वेळ द्या.

तेव्हापासून मी खोलीतून बाहेर पडते ती भिंतीकडे तोंड करून. त्याचं नाव पानावर आहे, कुणीही बघावं. एक तक्रार, उघडी.

तिच्यापुढे 'साधी' असं लिहिलेलं होतं. आज सकाळी ते 'तातडीची' झालं आहे.