कुजणं थांबलेलं खोरं

सकाळी साडेसात वाजता मांजरा नदीकाठच्या एका गावात नवी समाधी खणताना शेजारच्या समाधीची कड ढासळली. आत वीरभद्रअप्पा बिराजदार लिंगायत रीतीनं बसवले तसेच बसलेले होते. पुरून चार वर्षं झालेली. कपाळावर भस्म, मांडीवर बेलाची पानं, तीही हिरवी.

त्यांचे धाकटे भाऊ मन्मथ यांनी लातूरच्या मृदा प्रयोगशाळेत पुतणीला, अप्पांच्या मुलीला, फोन लावला. "सुमित्रा, अप्पा जसेच्या तसे आहेत गं. गाव नारळ घेऊन उभं आहे. सिद्ध झाले म्हणतंय."

डॉ. सुमित्रा बिराजदार फोन ठेवून शेजारच्या टेबलापाशी गेल्या. पाच वर्षांपूर्वी खोऱ्यात मातीतला कर्ब टिकवणारा कर्बरक्षक जिवाणू त्यांनीच सोडला होता.

"वर डोंगरात गारवा, म्हणून पालापाचोळा मातीत टिकतो. खाली उन्हानं लगेच संपतो," सहकारी डॉ. अन्वर मुजावर म्हणाले. "आपण फक्त कुजण्याचा वेग कमी करणार होतो."

"काळ्या चिकणमातीत तो शून्यावर आला."

"आणि सेंद्रिय कर्ब चौपट झाला म्हणून आपण पेढे वाटले. पिकं पिवळी पडली तेव्हाच कळायला हवं होतं. कुजल्याशिवाय मुळांना मिळणार काय? माती जेवत नव्हती बाई, नुसती साठवत होती."

उतारा तयार होता: रक्षकाला संपवणारा शमक जिवाणू. पण त्याला जगायला कुजणारा पदार्थ लागतो, आणि खोऱ्यात काहीच कुजत नव्हतं. शेजारच्या भीमा खोऱ्यातून एक ट्रक शेणखत मागवलं. त्यात शमक टिकला, तरच पेरणीआधी शेतं वाचणार होती.

"पहिला प्रयोग कुणाच्या शेतात?" मुजावरांनी विचारलं.

"शेतात नको. जिथं कुजणं थांबलेलं डोळ्यांनी दिसतंय तिथं, अप्पांच्या समाधीत."

समाधीपाशी मन्मथकाकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चमत्कार नाही."

"नाही काका. माझी चूक आहे."

"लोकांना तूच सांग, माझ्यानं होणार नाही. आणि जरा थांब, मला आधी पाया पडू दे."

सुमित्रांनी लोकांना सांगितलं. काहींनी नारळ परत नेले, काहींनी तिथेच ठेवले.

दुपारी शमक मिसळलेलं खत समाधीत भरलं. कुजणारं खत ऊब धरतं. ती टिकली तर शमक जिंकला, गेली तर रक्षक. खोऱ्याच्या हद्दीवर ट्रकमधल्या खताचं तापमान बावन्न अंश होतं, समाधीत भरताना अठ्ठेचाळीस.

संध्याकाळी सहाच्या नोंदीत ते एक्केचाळीस होतं, आणि पारा उतरत होता.