पन्नासला एक उणा

"ठमे!"

तळघरातून हाक आली. ठमीने दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून "ओ!" दिली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

सुट्टी लागल्यापासून तिचा हाच उद्योग होता. घरी कोणी नाही, म्हणून आई तिला कामावर सोबत आणायची. या जुन्या वाचनालयाच्या तळघरात आई फाटक्या पुस्तकांची बांधणी करायची. तिथे खळीचे डबे, जड दाबयंत्र आणि कागद कापायची धारदार पाती. तेव्हा ठमीने वर बसायचं, पण एका अटीवर : आईने हाक मारली की ती ऐकू आली पाहिजे. आईची हाक दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचायची. म्हणजे ठमीचं जग दुसऱ्या मजल्यावर संपायचं. मैत्रिणी सगळ्या मामा-मावशीकडे पांगलेल्या. ती "ओ" सोडली तर दिवसभर तोंड उघडायची वेळच यायची नाही.

मात्र गेले काही दिवस तिला एक गंमत दिसत होती. त्याच मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत, रोज सकाळी एक बाई यायच्या. टेबलावर तराजू, गोट्या, गाठी मारलेल्या दोऱ्या आणि कागदाचे रंगीत ठोकळे मांडायच्या. खुर्च्या गोलात लावायच्या आणि दाराकडे तोंड करून बसायच्या. कोणीच यायचं नाही. दुपार होत आली की एकेक वस्तू पिशवीत भरून त्या निघून जायच्या. ठमी हे सगळं दाराच्या काचेतून बघायची. आत जायची हिंमत नव्हती. कोणाच्या कामात लुडबुडायचं नाही, असं आईने बजावलं होतं.

आज दार बाईंनीच उघडलं.

"रोज बाहेरून नाक लावतेस काचेला. आज आतून लाव."

हा सहावी-सातवीच्या मुलांसाठी सुट्टीतला गणिताचा वर्ग होता म्हणे. ठमी दोन पावलं मागेच सरकली. उणे संख्या दिसल्या की आपल्या पोटात गोळा येतो, असं तिने सांगून टाकलं. बाई हसल्या आणि तिला थेट तळमजल्याच्या जिन्यापाशी घेऊन गेल्या. तळमजला म्हणजे शून्य. वर जाणाऱ्या पायऱ्या अधिक, तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्या उणे. उणे तीनवर उभी राहा, पाच चढ. अधिक दोन! अधिक एकवरून चार उतर. उणे तीन! चढ-उतर करून ठमी घामाघूम झाली.

"काय गं, आला का पोटात गोळा?"

"पोटात नाही, पायात आला," ठमी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती स्वतःच्याच बोलण्याला हसली.

पण खोलीत परत आल्यावर बाईंचा चेहरा उतरला. आजही कोणी आलं नाही, तर उद्यापासून वर्ग बंद, असं व्यवस्थापकांनी सांगितलं होतं. "मुलांनाच नको असेल, तर मी एकटी किती दिवस खुर्च्या मांडू?" असं म्हणत त्या गोट्या पिशवीत भरू लागल्या.

ठमी बाहेर आली. उद्यापासून पुन्हा ती, भिंत आणि "ओ".

तेवढ्यात जिन्यावरून टप्‌ टप्‌ करत एक चेंडू खाली आला. तिसऱ्या मजल्यावरून! म्हणजे वर कोणीतरी मूल होतं. पण वर तर हाक पोचत नाही. ठमी चेंडू हातात धरून थांबली. खालून हाक आली, तिने "ओ!" दिली, आणि पुढची हाक यायच्या आत ती धावत वर गेली.

वर एका कुलूपबंद दारापुढे दोघं बसली होती : एक लंबूटांग मुलगा आणि त्याची मामेबहीण. ती त्याला 'शिडी' म्हणत होती आणि तो तिला 'रेडिओ'.

"चेंडू दे आणि बस," रेडिओ म्हणाली. "आमचा गणिताचा वर्ग आहे इथे. बाई येतच नाहीत. बाकीची मुलं कंटाळून यायची बंद झाली. आम्हाला माझे बाबा मागच्या फाटकाशी सोडतात, म्हणून आम्ही अडकलो. खाली ऑफिसातल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, येतील, बसा."

"पण बाई रोज येतात!" ठमी म्हणाली. "खालच्याच मजल्यावर, एकोणपन्नासमध्ये."

"मग हीच की एकोणपन्नास." शिडीने दारावरच्या ५९ या आकड्यावर बोट ठेवलं. "पन्नास आणि वर नऊ. 'पन्नास' ऐकू येतंय की स्वच्छ!"

"ही एकोणसाठ."

"आमच्याकडे फिफ्टी नाइन म्हणतात," रेडिओ म्हणाली. "कटकटच नाही."

ठमीला पायऱ्या आठवल्या. "अरे, एकोण म्हणजे एक उणा. पन्नासाव्या पायरीवर उभा राहा आणि एक उतर. कुठे आलास?"

शिडीने मनातल्या मनात एक पायरी उतरून पाहिली आणि कपाळावर हात मारला. मागच्या फाटकावरच्या वर्गाच्या पाटीवर ५९ लिहिलं होतं. बाई पुढच्या दाराने यायच्या, त्यांना ती पाटी कधी दिसलीच नव्हती. बाईंनी खोलीचा क्रमांक ऑफिसातल्या काकांना फोनवर सांगितला होता आणि तो ऐकून पाटी काकांनी लिहिली होती.

तिघं सुसाट खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच "ठमे!" आली. थोडक्यात वाचली.

ऑफिसात काका ऐकायलाच तयार नव्हते. बाईंनी सांगितलं तेच आपण लिहिलं, मुलांनाच गणित नको असतं, असं ते मोबाइलवरची नजर न काढता व्यवस्थापकांना सांगत होते. शिडी भांडायला पुढे झाला. ठमीने त्याचा शर्ट मागे ओढला.

"काका, एकोणसत्तरची किल्ली द्याल?"

काकांनी हात मागे नेऊन खुंटीवरची किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. ठमीने ती तशीच व्यवस्थापकांच्या हातात ठेवली. किल्लीच्या बिल्ल्यावर आकडा होता : ७९.

व्यवस्थापकांनी चष्मा वर करून पाहिलं. "अहो, ही तर एकोणऐंशीची."

"मग सिक्स्टी नाइन म्हणायचं ना सरळ!" काका म्हणाले. रेडिओ छताकडे बघू लागली.

"पाटी आत्ता बदला," व्यवस्थापक म्हणाले, "आणि सगळ्या मुलांना तुम्हीच फोन करा. पण कितव्या खोलीत बोलवणार, ते आधी मला म्हणून दाखवा." मग ते ठमीकडे वळले. "इतके दिवस बाई खाली वाट बघत होत्या आणि मुलं वर. आमच्यापैकी एकालाही एक जिना चढून बघावंसं वाटलं नाही. शाबास, पोरी."

दुसऱ्या दिवशी जिना गजबजून गेला. अधिकवर मुलं, उणेवर मुलं. शिडी शून्यावरून ओरडत होता, "ए उणे एक, इकडे ये!" तळघरातून येणाऱ्या ठमीचं हे नवं नाव. तिला ते फार आवडलं होतं.

त्या गोंगाटात खालून हाक आली. ती कोणालाच ऐकू आली नाही. दुसरीही नाही.

तिसरी न मारता आई धावतच वर आली. हाताला खळ तशीच, चेहरा पांढराफटक. जिन्यातच ती थबकली. वर ठमी कोणाच्या तरी गळ्यात हात टाकून खो-खो हसत होती.

बाईंनी आईला कालची सगळी हकीगत सांगितली. आईने ओल्या हातांचं भान ठेवून मनगटाने डोळे पुसले.

"ताई, तुम्ही उणे दोनवर आहात," बाई म्हणाल्या. "दोन चढा. इथून नीट दिसेल."

आई दोन पायऱ्या चढली, शून्यावर उभी राहिली आणि तिने हाक न मारता ठमीकडे नुसतं पाहिलं.

"ओ!" ठमी म्हणाली.