मनभार

अमरावतीत आता स्थळ सांगताना आधी मनभार सांगत, मग नाव. मनभार म्हणजे एक अंक. तीव्र नैराश्य, छिन्नमनस्कता, व्यसनाधीनता यांच्याशी धागा असलेले हजारो बारीक जनुकभेद रक्तातून मोजायचे आणि त्या सगळ्यांची बेरीज शंभरपैकी गुणांत मांडायची. बेरीज कमी ती माणसं हलकी, जास्त ती जड.

नामदेव काळमेघांच्या ऋतुजचा मनभार अठरा. बायको गेल्यावर त्यांनी मुलाला एकट्याने वाढवलं होतं, आणि त्या अठराचा त्यांना कोण अभिमान. त्याने लग्नासाठी शर्वरीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं.

"एक्क्याऐंशी," ऋतुज म्हणाला. "पण बाबा, ती चांगली धडधाकट आहे. तिच्या घरातही कुणाला काही नाही."

नामदेवराव त्याला घेऊन थेट डॉ. ऊर्मिला चांदोरकरांकडे गेले. मनभाराचं गणित तरुणपणी बाईंनीच बसवलं होतं.

"तुम्हीच समजवा याला, मॅडम. उद्या नातवंडं वेडी निपजली तर?"

"मी उलटच सांगेन," बाई म्हणाल्या. "आम्ही हा अंक काढला तेव्हा तो फार कच्चा होता. ऐंशीवाली बहुतेक माणसं सुखाने संसार करत होती. लग्नं मिसळून होत. जड हलक्यात मिसळलं की पुढच्या पिढीत भार विरायचा. मग अंक बायोडाटावर आला. हलक्यांनी हलके निवडले, जडांना जडच उरले, आणि भार साचत गेला. वर त्यांना कुणी नोकरी देईना, घर देईना. वाळीत टाकलेलं माणूस खचतंच, काळमेघ. आज अंक खरा ठरतो तो आपणच तो खरा केला म्हणून."

"म्हणजे हे लग्न व्हावं?"

"अशी हजारो व्हावीत."

"होऊ देत. पण माझ्याच घरापासून कशाला?"

"सगळे हेच म्हणतात," बाई म्हणाल्या.

ऋतुजने कोर्टात लग्न केलं. नामदेवरावांनी त्याला दार बंद केलं. बायकोचा मनभार कळताच कंपनीने त्याला कामावरून कमी केलं, घरमालकाने खोली सोडायला लावली. दोघं नाल्यापलीकडे, जडांच्या वसाहतीत राहायला गेले. मित्र तुटले. शर्वरी शिकवण्या घेऊन घर चालवी. ऋतुज वडिलांना फोन लावी. ते उचलत नसत. दुसऱ्या वर्षी त्याने अंथरूण धरलं, बोलणं सोडलं. एके दिवशी त्याने जिवाचं बरंवाईट करून घेऊ पाहिलं. शर्वरीने वेळेत दार फोडलं म्हणून तो वाचला.

दवाखान्यात नामदेवरावांनी चांदोरकर बाईंना बोलावून घेतलं.

"त्याचा अंक चुकला असेल. पुन्हा मोजा."

"मोजला. अठराच आहे."

"मग हे आलं कुठून?"

बाईंनी काचेतून आत पाहिलं. शर्वरी ऋतुजला चमच्याने पेज भरवत होती. "रक्तातून नाही आलं," त्या म्हणाल्या. "बायकोकडूनही नाही. तुम्ही फोन उचलला असतात तर कदाचित..." नामदेवरावांनी खिशातला फोन काढून ऋतुजचे न उचललेले कॉल पाहिले.

संध्याकाळी शेजारचे देशकर भेटायला आले. "जड सून केली की असंच व्हायचं, नामदेवराव. तिचाच भार लागला पोराला."

नामदेवरावांना सगळं ठाऊक होतं. खरं काय ते ओठांपर्यंत आलं होतं.

"हो," ते म्हणाले. "तिचाच."

शर्वरी त्यांच्या मागेच उभी होती. ती आत वळली. ऋतुजच्या औषधाची वेळ झाली होती.