प्रिंटरमधला कोरा कागद

इंदिराबाई स्वस्थ बसल्या होत्या, म्हणूनच त्यांचा मदतनीस सुकदेव याचा जीव जास्त टांगणीला लागला होता. तीन वाजून गेले होते. पाचला अध्यापक विद्यालयाची प्रवेशयादी फळ्यावर लागणार होती आणि तिच्यात रुपलीचं नाव नव्हतं.

१९९७ चा जून. धुळ्यात खासगी तपासाची कामं करणाऱ्या इंदिराबाईंना प्राचार्यांनी गुपचूप बोलावलं होतं. तोंडी परीक्षेचे गुण सकाळी थेट नव्या कॉम्प्युटरमध्ये भरले गेले. परीक्षक बाहेरगावचे, ते निघून गेले. दुपारी एकला पाहावं तर सातपुड्याच्या पायथ्याच्या या हुशार पोरीला तेरा गुण. ऑपरेटर कुंदाबाई शपथेवर सांगत होती, की तिने त्रेचाळीस भरले. कागदावर नोंद कुठेच नव्हती. रुपलीचा बाप जामसिंग सकाळपासून बाहेर पायरीवर बसून होता.

"पाचला माझी बाजू कोण ऐकणार?" कुंदाबाई रडकुंडीला आली होती. बारा ते एक ती प्राचार्यांच्या खोलीत प्रतीक्षायादी वाचून दाखवत होती. परतली तेव्हा प्रिंटर चालू होता आणि त्यात एक कोरा कागद लावलेला. तो तिने लावला नव्हता. गुण चुकलेले दिसल्यावर तिने कशालाच हात लावला नाही. मशीन सकाळपासून चालूच होतं.

मशीन बसवणारा बन्सीलाल त्या वेळी शेजारच्या खोलीत वायर ओढत होता. तो वैतागला होता. प्रिंटर ठणठणीत आहे, पण हे नवं विंडोज इथे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, अशी त्याची तक्रार.

हेडक्लार्क पंडित यांची नोकरी बावीस वर्षांची. नव्या मशीनला आपण बोटही लावलं नाही, म्हणाले. "जुनं बरं होतं, ताई. प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं, की पडद्यावरचं बठ्ठं, सगळंच्या सगळं, कागदावर. या ऑफिसात माझा एकच नियम. आधी मुळाची नक्कल, मग खाडाखोड."

सुकदेवला ते फार पटलं. असा शिस्तीचा माणूस हल्ली मिळतो कुठे?

इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, मशीनखालची बॅटरी पीं पीं करू लागली. प्राचार्य म्हणाले, बंद करा, सील लावू.

"बंद करू नका," इंदिराबाई उठल्या. "कुंदाबाई, चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडा आणि पेस्ट करा. लवकर."

बॅटरी पाच मिनिटांची सोबतीण. पडद्यावर सकाळची यादी उभी राहिली. रुपलीपुढे त्रेचाळीस, तिचीच ओळ काळी केलेली, आणि कोपऱ्यातल्या घड्याळात बारा वीस. कुंदाबाईने ते चित्र फ्लॉपीवर उतरवलं आणि मशीन विझलं.

"नव्या मशीनवर प्रिंट स्क्रीन दाबलं की कागद निघत नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "पडद्याचं चित्र मशीनच्या पोटात राहतं. दुसरं काही कॉपी केलं किंवा मशीन बंद झालं, की पुसलं जातं. कुंदाबाई बारा वीसला प्राचार्यांसमोर होती. बन्सीलालला हे बटण माहीत आहे, तो कागद लावून वाट पाहत बसला नसता. वाट पाहिली ती जुन्या मशीनच्या माणसाने. नक्कल घेतल्याशिवाय ज्याचा हात खाडाखोडीला उठत नाही, अशा माणसाने."

पंडितांनी कबूल केलं. प्रतीक्षायादीतला पहिला मुलगा अमळनेरचा, त्यांच्या साडूचा. एक नाव गळलं की तो आत.

"मग नक्कल हवी कशाला होती?" सुकदेवचा संताप आवरेना.

"पोरीचा बाप रडत आला असता, तर खरे गुण माझ्याजवळ असावेत असं वाटलं."

"तो आलाय," इंदिराबाई म्हणाल्या. "पायरीवर बसलाय. जा, तुम्हीच सांगा."

पंडित दारापर्यंत कसेबसे गेले. जामसिंग धडपडत उठला.

"भाऊ, मन्ही पोरनं नाव शे का?"

"शे. नाव आहे," पंडित म्हणाले.

जामसिंग वाकला आणि त्यांच्याच पाया पडला.